आलेला की आणलेला

हिंमतराव ओव्हाळ वेळेच्या आधी आले, म्हणजे नेहमीसारखेच आले. सरकारी नोकरीत होते तेव्हा लोकांना टेबलासमोर ताटकळत ठेवायचे. निवृत्त झाल्यापासून मात्र दुसऱ्याच्या घरी चहाचं आधण ठेवायच्या आत हजर. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीची लिफ्ट बंद होती. जिना चढून धाप लागलेली कुणाला दिसू नये म्हणून ते दारातच थांबून नावाची पाटी वाचू लागले. पाटी त्यांनीच करून दिली होती.

"जय भीम, वहिनी. आले का ते गृहस्थ?"

"जय भीम. ते अकराला येणार आहेत, भाऊजी. त्यांच्या वाटणीचा नाश्ता तुम्हाला देऊ का?"

राधा त्यांच्या थोरल्या भावाची, संभाजीची बायको. संभाजीला जाऊन पंधराएक वर्षं झाली होती, पण दिराला टोमणा मारायचा हक्क काही तिने सोडला नव्हता. हिंमतरावांनी टोमणा ऐकला आणि पोह्यांची बशी घेतली. आज त्यांना भांडायचं होतं ते बाहेरच्या माणसाशी.

राधाचा मुलगा बुद्धभूषण नोकरी करायचा हिंजवडीत, पण जीव त्याचा नाण्यांत. जमवता जमवता तो मंडळाच्या कार्यकारिणीवर गेला होता. मंडळ म्हणजे गणपतीचं नाही, नाणी जमवणाऱ्यांचं; भांडणं तिथेही तितकीच होतात. गेल्या महिन्यात मंडळाच्या प्रदर्शनात त्याने घरातला एक राजाछाप रुपया मांडला. चांदीचा, पंचम जॉर्जचा. राजाच्या चेहऱ्यावर सोनेरी झाक, तिच्याभोवती तांबूस, मग जांभळा, आणि अगदी कडेला मोरपंखी निळा रंग. चांदी काळी पडते हे सगळ्यांना ठाऊक. अशी रंगते हे फार थोड्यांनी पाहिलेलं. लोक त्या काचेपुढून हलेनात.

आणि मग कुणीतरी सभ्य माणसाने, नाव न घालता अर्थातच, मंडळाला कळवलं की हा रंग चढवलेला आहे.

झालं! ज्यांनी भूषणकडून कधीकाळी नाणी घेतली होती ते घरोघरी भिंगं काढून बसले. या लोकांचे दोनच शब्द. रंग वर्षानुवर्षांत आपोआप धरला असेल तर तो 'आलेला'. कुणी औषधाने, धुराने, आणखी कशाने चढवला असेल तर तो 'आणलेला'. मंडळाने निवाडा आपले जुने जाणकार सलिल सर यांच्यावर सोपवला, आणि सलिल सर म्हणाले, ज्या घरात नाणं रंगलं तिथे येऊन बघतो. ते 'आलेला' म्हणाले तर विषय मिटला. 'आणलेला' म्हणाले तर भूषणचं नाव मंडळातून जाणार होतं, आणि पुण्यात एकदा गेलेलं नाव परत मिळत नाही.

हिंमतरावांना निकालाची काळजी नव्हती. नाण्याखालच्या कार्डावरचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, आणि आपलं वाक्य चुकू शकतं ही शक्यता त्यांनी नोकरीतही कधी विचारात घेतली नव्हती. त्यांचे वडील कचरू छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि घरातला देव्हारा मुठा नदीत सोडून मोकळे झाले. देव्हाऱ्यातले राजाछाप रुपये तेवढे ठेवले. देव सोडले, रुपये ठेवले. माणूस व्यवहारी होता. त्यानंतर त्या घरात लक्ष्मीपूजन कसलं? आणि पूजन नाही तर नाणी धुणं कसलं? म्हणून हिंमतरावांनी लिहून दिलं होतं: 'दीक्षेनंतर या घरात लक्ष्मीपूजन झाले नाही. म्हणून सत्तर वर्षांत या नाण्यांना कुणी धुतले नाही, पुसले नाही.' हे वाक्य त्यांनी दोन सत्कारांत आणि एका तेराव्याला म्हणून दाखवलं होतं.

"भूषण कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दाढी करतोय. दुसऱ्यांदा."

---

आम्रपाली लोणी काळभोरहून बसने आली. तिकडच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. भूषणची थोरली बहीण, आणि लहानपणापासून त्याची खोटी पोटदुखी ओळखणारी घरातली एकमेव व्यक्ती. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात शिरली, आईच्या हातातून विळी घेतली आणि कांदा चिरायला बसली.

"आई, कार्ड वाचलंस का तू?"

"कुठलं कार्ड?"

"प्रदर्शनातलं. काकांनी लिहिलेलं." तिने फोन पुढे केला. राधाने चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि ओठ हलवत वाचलं. 'धुतले नाही'पाशी तिचे ओठ थांबले.

"हे कुणाला विचारून लिहिलं?"

"कुणाला विचारणार? काकांना सगळं माहीत असतं."

राधाने फोन परत दिला आणि गॅस बारीक केला. धुतले नाही म्हणे! एकोणऐंशी साली लग्न होऊन ती या घरात आली आणि पहिल्या एप्रिलपासून ती नाणी तिनेच घासली. दिवाळीला नाही. दिवाळी या घरात नव्हतीच. पण चौदा एप्रिल आला की घरातलं सगळं पितळ, तांबं, चांदी खाली यायची. सासूबाई म्हणायच्या, बाबासाहेबांच्या फोटोपुढे काळं भांडं ठेवायचं नाही. मग चिंचेचा कोळ, वर चुलीची राख, पुढे राख मिळेना तेव्हा रांगोळी, आणि सुनेचे हात; तेही पहाटे, पोरं उठायच्या आत. रुपये धुऊन पुसून ताटात मांडायचे, ताट फोटोपुढे. ते खुद्द कचरूमामंजींना आवडायचं. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण घासणाऱ्याला कोण विचारतो? विचारतात ते भाषण करणाऱ्याला.

"काय झालं?" आम्रपालीने विचारलं.

"काही नाही. मीठ जास्त पडलं वाटतं."

आता बोलावं तर भूषणच्या कार्डावरचं वाक्य खोटं ठरणार, आणि तेही आजच. राधाने ठरवलं, गप्प बसायचं. गप्प बसण्याची तिला सवय होती. नाही म्हणायला, टोमण्यांचा अपवाद.

आम्रपाली कांदा अर्धा टाकून गॅलरीत गेली. भूषण तिथे फोनवर काहीतरी वाचत उभा होता, हनुवटीला कापसाचा बोळा.

"खरं सांग," ती म्हणाली. "काही केलंयस?"

"ताई, तू पण? यार, सगळे डाउट घेतायत, निदान तू तरी..."

"हो का नाही?"

"नाही! बाबा गेल्यावर आईने कपाटात ठेवली होती ना सगळी? त्यातलं एक मी काढलं. असंच होतं. राजा असाच होता, शप्पथ."

"राजा असाच होता" हे त्याने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. आम्रपालीला बरं वाटलं. खोटं बोलताना हा माणूस कानाची पाळी ओढतो, आज नाही ओढली. ती आत जाऊन उरलेला कांदा चिरायला बसली.

---

सलिल सर उंच, बारीक, आणि इतके हळू बोलणारे की समोरचा आपोआप पुढे वाकतो. त्यांनी आधी हात धुतले, मग स्वतःच्या रुमालाने कोरडे केले. चहा नको म्हणाले, आणि राधाने आणल्यावर प्यायले. मग खिडकीजवळचं टेबल मागितलं, त्यावर मऊ कापड पसरलं आणि खिशातून भिंग काढलं.

"मंडळाने माझ्या पुतण्यावर संशय घेतलाय," हिंमतरावांनी सुरुवात केली. "हा केवळ नाण्याचा प्रश्न नाही. हा आमच्या वडिलांच्या—"

"थोडा उजेड सोडता का?" सलिल सर म्हणाले. हिंमतराव खिडकीतून बाजूला झाले.

भूषणने प्लास्टिकच्या डबीतून नाणं काढून दिलं. सरांनी ते फक्त कडेने धरलं. राजाची बाजू वर ठेवून त्यांनी ते उजेडात हळूहळू कलतं केलं. खालच्या रस्त्यावर रद्दीवाला ओरडत गेला.

"छान आहे," ते म्हणाले. "बघा, रंगाला क्रम असतो. आधी पिवळा, मग तांबडा, मग जांभळा, मग निळा. तो चुकत नाही."

"थर जाड होत जातो तसा रंग बदलतो," आम्रपाली म्हणाली. "गंधकाचा."

"बरोबर. तुम्ही केमिस्ट्रीच्या का? इथे क्रम नीट आहे. अक्षरांच्या कडेला रंग जरा मागे सरलाय, तेही चांगलं लक्षण. घाईने चढवलेला रंग अक्षरांवरून सरळ वाहत जातो."

हिंमतरावांनी वहिनीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. राधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आणि खरं सांगू?" सर पुढे म्हणाले. "तुमचं कार्ड वाचून मला आनंद झाला होता. आपल्याकडे जुन्या रंगाचं नाणं मिळतच नाही. दिवाळी आली की घरोघरी बायका चांदी घासतात, रंग दरवर्षी नळाखाली जातो. म्हटलं, या घरात पूजा नाही, म्हणजे घासणं नाही. कारण अगदी पटण्यासारखं."

"तेच तर!" हिंमतराव म्हणाले.

"पण नाणं घासलेलं आहे."

त्यांनी भिंग भूषणच्या हातात दिलं. "गालावर बघा. बारीक रेघा. गोल गोल. बोटाने, काहीतरी भरभरीत घेऊन घासल्याच्या. आणि रंग त्या रेघांच्या वर आहे. म्हणजे आधी घासलं, मग रंग चढला."

भूषणने पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "सर, असं... आमच्याकडे कुणी नाही घासलं. कार्डवर लिहिलंय ना."

"म्हणून तर अडचण आहे. रंग आणणारा माणूस आधी नाणं स्वच्छ करून घेतो. त्याशिवाय रंग धरत नाही. घरात कुणी घासलं नाही, आणि नाणं तर घासलेलं आहे. मग मंडळ मला विचारणार, घासलं कुणी? मी काय सांगू?"

हिंमतराव लाल झाले. "म्हणजे आम्ही खोटं लिहिलं?"

"मी तसं म्हटलं नाही. नाणं म्हणतंय."

हे खास पुणेरी उत्तर होतं. आम्रपालीने भावाकडे पाहिलं. तो नाण्याकडे बघत होता आणि त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला होता.

राधाने मुलाचा चेहरा पाहिला. लहानपणी सायकल चोरीला गेली तेव्हा झाला होता तसाच. गप्प बसायचं ठरवलेलं होतं, ते तिथेच संपलं.

"मी घासलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी मान वळवली.

"मी घासायचे दरवर्षी. चिंचेने. वर रांगोळीची पूड. ज्या रेघा दिसतायत ना, त्या माझ्या बोटाच्या आहेत."

"वहिनी!" हिंमतराव उठून उभे राहिले. "तुम्ही? या घरात? लक्ष्मीपूजन?"

"कोण म्हणालं लक्ष्मीपूजन? दिवाळीला कशाला घासू? चौदा एप्रिलला घासायचे. जयंतीला."

"पण बाबांनी ती नाणी छप्पन्न सालानंतर कधी—"

"मामंजीच मंडईतून चिंच आणून द्यायचे. दरसाल. बिया काढलेली आणायचे, मला त्रास नको म्हणून." राधाचा आवाज जरा चढला. "आणि तुम्हाला माहीत नव्हतं म्हणता? तुम्ही लातूरहून, नागपूरहून यायचात जयंतीला. फोटोपुढच्या ताटात रुपये लखलखत असायचे. तुम्ही हात जोडायचात त्यांच्यासमोर उभे राहून. तुम्हाला काय वाटलं, भाऊजी, ते आपोआप चकाकतात?"

हिंमतराव खाली बसले. त्यांना ते ताट आठवलं. निळं कापड, मेणबत्त्या, आणि त्या उजेडात चमकणारे रुपये. इतकी वर्षं त्यांनी ते पाहिलं होतं आणि इतकी वर्षं भाषणात उलटं सांगितलं होतं. वडिलांची गोष्ट म्हणून जी सांगत आलो ती आपणच रचली, हे त्यांना परक्या माणसासमोर कळलं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की ते रागवायचे.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"विचारलं नाही."

सलिल सरांनी खाकरल्यासारखं केलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. "चूक माझीही आहे, ताई. पूजा नाही म्हणजे घासणं नाही, असं मीच धरून चाललो." ते खुर्चीत पुढे सरकले. "हे घासणं कधी थांबलं?"

"हे गेले त्या वर्षी. मग जयंतीचं ताट भूषणच्या हातात गेलं, त्याने फुलं ठेवली. मी रुपये शेवटचे घासले, पुसले, आणि सुरळी करून ठेवून दिले. पंधरा वर्षं झाली असतील."

"सुरळी म्हणजे?"

"एकावर एक रचले आणि खाकी कागदात गुंडाळले. दोन्ही टोकं दुमडली. रेशनच्या दुकानात पूर्वी सुट्ट्या नाण्यांच्या सुरळ्या द्यायचे, तशी."

सलिल सरांचा चेहरा उजळला. "कागदात! मग प्रश्नच मिटतो. त्या जुन्या खाकी कागदात गंधक असतं. टोकाचं नाणं कागदाला चिकटून राहिलं तर पंधरा वर्षांत असा रंग नक्की येईल, रेघांच्या वरून येईल. बुद्धभूषण, तुम्ही टोकाचं काढलं होतं ना?"

"हो," भूषण म्हणाला. अगदी हळू.

"मग झालं की! कार्ड बदला. आईंनी जे सांगितलं ते लिहा. त्याहून चांगली हकीकत मला तरी कुठल्या नाण्याची माहीत नाही."

आम्रपालीने श्वास सोडला. हिंमतरावांनी खिशातून पेन काढलं, म्हणजे ते सावरत होते. "चौदा एप्रिल, असं अक्षरात लिहू या," ते म्हणाले. भूषण मात्र हसला नाही.

"सुरळी अजून आहे का?" सरांनी सहज विचारलं. "दुसऱ्या टोकालाही असंच नाणं असणार. ते एकदा दाखवलंत तर मंडळात कुणी तोंड उघडणार नाही."

"कशाला, सर?" भूषण घाईने म्हणाला. "आय मीन, आईने सांगितलंय ना. इनफ आहे ते."

"असू दे, आणते," राधा म्हणाली. मुलाच्या बाजूने आणखी एक पुरावा. ती आनंदाने आत गेली.

---

खाकी कागद इतका जुना झाला होता की घड्यांवर फाटत होता. एक टोक भूषणने उघडून पुन्हा दुमडलेलं दिसत होतं. सरांनी दुसरं टोक उलगडलं. आतून नाणं निघालं आणि हिंमतरावांच्या तोंडून "वा!" असं आपसूक गेलं. हाही राजा रंगला होता. तेच सोनेरी, तेच तांबूस, तीच निळी कड.

"बघा!" हिंमतराव म्हणाले. "जुळी भावंडं आहेत. आता बोला म्हणावं!"

"खरंच बोलायला जागा नाही," सर म्हणाले, आणि सवयीने त्यांनी नाणं उलटलं.

मागची बाजू पांढरी होती. फुलांची नक्षी, मधे 'वन रुपी', सगळं स्वच्छ, घासलेलं, जरासं करडं. रंगाचा ठिपका नाही.

"ती आतली बाजू ना," राधा म्हणाली. "खालच्या रुपयावर टेकलेली. तिला कागद कुठे लागतोय?"

"हो. बरोबर," सलिल सर म्हणाले.

त्यांनी बाकीची नाणी कापडावर ओळीने काढली. सगळ्यांच्या कडा तेवढ्या रंगलेल्या, पोटं पांढरी. मग त्यांनी प्रदर्शनातलं नाणं उचललं. मघाशी रेघांच्या नादात ते उलटायचं राहूनच गेलं होतं; आता तेही उलटलं. त्याच्या मागच्या बाजूला रंग होता. भरपूर. निळा आणि त्याच्या शेजारी थेट पिवळा, मधे तांबडा नाहीच, आणि अक्षरांवरून सरळ वाहत गेलेला.

आम्रपालीला सगळ्यात आधी कळलं. मग सरांच्या चेहऱ्यावरून हिंमतरावांना. राधाला कळायला क्षणभर जास्त लागला, कारण ती नाण्याकडे नाही, मुलाकडे बघत होती.

"ताई," सलिल सर अगदी सावकाश म्हणाले. तो माणूस वाईट नव्हता. समोरच्या पोराला वाट ठेवावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. "एक विचारतो. हे नाणं कधी वेगळं ठेवलं होतं का? म्हणजे सुट्टं, नुसतं कागदात? तसं असेल तर दोन्ही बाजूंना रंग येऊ शकतो. मी काही जास्त खोलात जाणार नाही. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

खोलीत सगळे राधाकडे पाहू लागले. एक 'हो' पुरे होतं. मघाशी तिने खरं बोलून मुलाला वाचवलं होतं. आता खोटं बोलून वाचवायचं होतं, एवढाच फरक. हिंमतरावांनी मान खाली घातली. आयुष्यभर तत्त्वाची भाषणं केलेल्या त्या माणसाला त्या क्षणी वाटलं, वहिनी, म्हणा हो.

राधाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ते..." ती म्हणाली. "हो, ते मला वाटतं मी वेगळं—"

"नव्हतं," भूषण म्हणाला.

"तू गप्प बस रे. मी ठेवलं होतं. मला माहीत—"

"आई, नव्हतं वेगळं. सगळ्यांबरोबरच होतं." तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "मागची बाजू मी केली, सर. पुढची खरी आहे. मागची आणलेली."

सलिल सरांनी भिंग खाली ठेवलं. "कशाने?"

"उकडलेलं अंडं. फोडून डब्यात ठेवलं, वर नाणं, झाकण लावून. पुढची बाजू पातळ प्लास्टिकने झाकली होती." तो बोलत होता ते सरांशी, पण बघत होता आईकडे. "ती बाजू एवढी सुंदर होती. आणि उलटलं की काहीच नाही. नुसतं पांढरं. मला वाटलं, दोन्हीकडून असतं तर! फसवायचं नव्हतं मला. म्हणजे... असेलही. कार्डवर सत्तर वर्षं लिहिलं होतं. सत्तर वर्षांत एकच बाजू कशी रंगेल, असं वाटलं. कुणी तेच विचारलं असतं तर?"

"माझ्या बापाच्या रुपयाला अंडं लावलंस?" हिंमतराव म्हणाले. आपल्या वाक्याला शोभावं म्हणून पोराने हे केलं, हे त्यांना नीट ऐकू आलं होतं. त्यांनी पेन खिशात परत ठेवलं.

"किती वेळात धरला रंग?" आम्रपालीने विचारलं.

"अर्ध्या दिवसात."

"मूर्ख," ती म्हणाली. "आणि गॅलरीत मला म्हणालास, राजा असाच होता."

"राजा असाच होता, ताई."

ते खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सलिल सरांनी नाणी एक एक करून राधाच्या हवाली केली. कापडाची घडी घातली. प्रदर्शनातलं नाणं डबीत ठेवून डबी भूषणपुढे सरकवली.

"मला हे लिहावं लागेल," ते म्हणाले.

"लिहा."

"पुढची बाजू आलेली, मागची आणलेली. तुम्ही स्वतः सांगितलंत, हेही लिहीन. पण त्याने फारसा फरक पडणार नाही. मंडळाला अर्धं नाणं कळत नाही."

"नाव जाईल ना?"

"जाईल." सर दारापर्यंत गेले, चपला घालताना थांबले, आणि राधाला म्हणाले, "ताई, पोहे चांगले झाले होते." मग जिना उतरून गेले. पोहे त्यांनी खाल्लेच नव्हते.

दार लावून राधा आत आली. हिंमतराव खिडकीशी पाठमोरे उभे होते. बोलायला त्यांच्याकडे आज स्वतःचं काही उरलं नव्हतं. भूषण तसाच खुर्चीला धरून उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तसा तिचा हात वर आलाही होता. पण तिने त्या हाताने त्याच्या हनुवटीवरचा कापसाचा बोळा काढून टाकला.

"मी म्हणणार होते," ती म्हणाली. "वेगळं ठेवलं होतं असं. सरळ तोंडावर खोटं बोलणार होते मी त्यांच्या."

"माहितीये."

"ते लिहून घेणार होते. मिटलं असतं. मग कशाला मधे बोललास?"

"तुला नाही जमत, आई," भूषण म्हणाला. "पकडली गेली असतीस." तो हसायला गेला, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना.